वाटाण्याचा वेल आणि उलटे फिरणारे चाक

राहुरीतल्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला येत्या शुक्रवारी कोणता चित्रपट लागणार हे तासिकांच्या वेळापत्रकापेक्षा पक्के माहीत असते. एखादा ट्रेलर आला की दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत त्याची चिरफाड सुरू होते. नायकाची उडी कुठे ‘स्लो’ केली आहे, कोणते दृश्य खरे आणि कोणते कॉम्प्युटरवर केलेले, यावर हमरीतुमरी होते. आम्ही दोघे, एक विज्ञान शिकवणारे आणि एक गणित, हे सारे व्हरांड्यातून ऐकत असतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका वादातून एक प्रश्न थेट शिक्षकांच्या खोलीत आला : “सर, टांगा पुढे पळतो, पण पडद्यावर चाक मागे फिरताना दिसते. असे का?”

आम्ही पाठ असलेले उत्तर दिले. डोळ्यांसमोरचे चित्र नाहीसे झाले तरी त्याची संवेदना सेकंदाचा सुमारे सोळावा भाग टिकते, याला दृष्टिसातत्य म्हणतात, म्हणून सुटी चित्रे जोडली जाऊन हलताना दिसतात, वगैरे. मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मग चाक पुसट दिसायला पाहिजे. उलटे कसे दिसेल?”

त्याचे म्हणणे बरोबर होते. एक चित्र टिकून राहिले आणि त्यावर दुसरे येऊन बसले तर दोन्हींची सरमिसळ होईल. त्यातून गती कशी निघेल, आणि तीही उलटी? “बघू या,” एवढेच म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पुढे उत्तर सापडले, पण ते चाकाकडून नाही, वाटाण्याच्या वेलाकडून. म्हणून आधी त्याची हकिकत सांगतो.

दरवर्षी विज्ञान दिनाला आमच्याकडे एक तक्ता लागतो : ‘भारतीय चित्रपट आणि विज्ञान’. त्यात दादासाहेब फाळके यांची गोष्ट असते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, ही तारीख सर्वांना माहीत असते. त्याआधीची गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. चित्रपट काढायचा तर भांडवल हवे आणि हलत्या चित्रांच्या धंद्यात पैसा घालायला कोणी धजत नव्हते. आपल्याला ही विद्या येते हे दाखवायचे कसे? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि बी रुजून, कोंब फुटून, वेल होईपर्यंत महिनाभराहून अधिक काळ त्याची चित्रे घेतली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही छोटी फिल्म ओळखली जाते. ती पाहून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. नाटकातला प्रसंग किंवा गावातली मिरवणूक असा सोपा विषय न घेता या माणसाने आपली परीक्षा द्यायला एक रोप निवडले, याचे आम्हाला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

तक्त्यावर आम्ही लिहीत असू : ‘फाळके यांनी रोज एक चित्र घेतले. फिल्म सुमारे एक मिनिटाची झाली.’ ही दोन्ही वाक्ये अनेक ठिकाणी वाचायला मिळतात आणि आम्हीही ती वर्षानुवर्षे उतरवत आलो होतो.

त्या वर्षी वाटले, नुसता तक्ता कशाला, प्रयोगच करू. राहुरीला झाडांचे वावडे नाही. १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ येथे आहे. ‘विजय’, ‘दिग्विजय’ ही हरभऱ्याची वाणे इथलीच. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी शेती. हरभराच लावा असा मुलांचा आग्रह होता, पण फाळक्यांचा वाटाणा म्हणून आम्ही वाटाण्यावर अडून बसलो. तो हट्ट पुढे फार उपयोगी पडला. हरभऱ्याला तणावे नसतात, वाटाण्याला असतात.

नोव्हेंबरात कुंडीत चार दाणे टोकले. कुंडी प्रयोगशाळेच्या खिडकीशी. काच तडकलेला एक जुना मोबाइल विटांच्या उतरंडीवर बसवला. रोज प्रार्थना झाली की एका मुलीने एक फोटो काढायचा. रविवार आणि एक स्थानिक सुटी वगळता महिन्याभरात २६ फोटो झाले. वेल वीतभराहून उंच झाला. सगळा वर्ग भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीपुढे बसला, दिवे मालवले, आणि २६ फोटो सेकंदाला २४ या गतीने दाखवले.

सगळा खेळ एका सेकंदात आटोपला. काहीतरी हिरवे उड्या मारत वर गेले एवढेच दिसले. मागून आवाज आला, “इंटरव्हल झाली का?”

आम्हीही हसलो, पण चरकलोही. फळ्यावर खडू घेऊन हिशेब मांडला. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी घेत आणि त्याच बेताने दाखवत. एक मिनिट म्हणजे ६० × १६ = ९६० चौकटी. महिनाभर रोज एक चौकट घेतली तर होतात तीस. सव्वा महिना धरला तरी अडतीस, म्हणजे पडद्यावर जेमतेम अडीच सेकंद. तेव्हा ‘रोज एक’ आणि ‘एक मिनिट’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. हा हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे. इतकी वर्षे तक्ता लावताना तो आम्हाला सुचला नव्हता.

यावर एका मुलाने फाळक्यांची बाजू घेतली. “त्यांनी रोज हँडल फिरवले असेल.” मुद्दा चांगला होता. त्या काळच्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात साधारण आठ चौकटी पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे दिले की सोळा. रोज दोन फेरे दिले असे समजू : १६ चौकटी, अडतीस दिवसांच्या ६०८, म्हणजे पडद्यावर अडतीस सेकंद. लांबी जवळपास आली. पण असे केल्यास पडद्यावर काय दिसेल? आजचे रोप एक सेकंद स्तब्ध उभे, मग गचकन उद्याचे रोप, तेही एक सेकंद स्तब्ध. हा जादूच्या कंदिलाचा खेळ झाला. रोप वाढताना दिसले, असे पाहणाऱ्यांना त्यातून वाटले नसते. मिनिटभर अखंड वाढ दिसायची तर दिवसाला तीस चौकटी हव्यात. फक्त बारा तासांच्या उजेडात काम केले तर दर २४ मिनिटांनी एक. आमचा कल या उत्तराकडे आहे. दिवसभर, महिनाभर, कामे सोडून दर थोड्या वेळाने उठून कॅमेऱ्याशी जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. ‘रोज एक’ या गोष्टीपेक्षा हे चित्र आम्हाला अधिक भावते.

(रोपांची अशी चित्रे घेणारे फाळके पहिले नव्हेत, हेही मुलांना सांगावे. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ ते १९०० या काळात हे केले होते, आणि इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथची फुले उमलण्याची फिल्म १९१० ची. पहिलेपणाचा अट्टाहास नसला तरी फाळक्यांचे काही कमी होत नाही.)

दुसऱ्या खेपेला आम्ही मोबाइललाच कामाला लावले. दर २० मिनिटांनी आपोआप फोटो घेण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते किंवा घालता येते. दिवसाला ७२ फोटो. २६ दिवसांचे १८७२. सेकंदाला २४ या गतीने ७८ सेकंद. रात्रीसाठी एक लहान बल्ब लावून ठेवला. अडचणी आल्याच. एका रात्री पाच तास वीज गेली. त्या वेळचे पंधरा फोटो काळेकुट्ट. एकदा झाडलोट करताना कुंडी बोटभर सरकली, म्हणून फिल्ममध्ये अकराव्या दिवशी रोप टुणकन उडी मारते. एकदा त्या फोनवर कुणाचा तरी कॉल आला आणि तो थरथरत विटेवरून तिरपा झाला. फोन ‘विमान’ स्थितीत ठेवावा हे त्यानंतर सुचले.

तरीही चादरीवर जे दिसले त्याने वर्ग गप्प झाला. कोंब मातीची खपली उचलून वर आला, मान सरळ केली, खिडकीकडे झुकला. प्रकाशानुवर्तन आम्ही दरवर्षी शिकवतो. ते घडताना आम्ही स्वतःही प्रथमच पाहत होतो. पण सर्वांचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. वेलाचा शेंडा सतत अस्वस्थ होता. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, झटके देत. “सर, वारा आहे का?” खिडकी तर बंद होती.

हा शेंडा गोल फिरत असतो. वाढणाऱ्या खोडाची एक बाजू थोडी अधिक वाढते, मग तिच्या शेजारची, मग तिच्या पलीकडची. त्यामुळे शेंडा हवेत फेरे घेतो आणि तणावे (पुस्तकात त्यांना प्रताने म्हणतात) आधार चाचपत राहतात. चार्ल्स डार्विनने घरातल्या कुंड्यांपुढे तासन्‌तास बसून अशा हालचाली काचेवर ठिपके देत टिपल्या होत्या. १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर त्याचे एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी उलट बाजूने हा प्रश्न सोडवला. त्यांच्या क्रेस्कोग्राफ यंत्राने रोपाची क्षणाक्षणाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवली. बोसांनी अंतर ताणले, फाळक्यांनी वेळ आवळला.

पण आमच्या फिल्ममध्ये तो फेरा गोल न दिसता झटके का दिसत होते? एक कारण सोपे : आम्ही बाजूने पाहत होतो, आणि बाजूने पाहिले की वर्तुळ नुसते डावे-उजवे दिसते. म्हणून तिसऱ्या खेपेला फोन प्रयोगशाळेच्या लोखंडी स्टँडला वरून, खाली तोंड करून बांधला. कुंडीच्या तोंडावर पांढरा कागद पसरला. सकाळी सहा ते सायंकाळी सहा, दर दोन मिनिटांनी एक फोटो. एकूण ३६०, पडद्यावर १५ सेकंद. आता शेंडा घड्याळाच्या काट्यासारखा स्वच्छ फिरताना दिसला. मुलांनी एका फेऱ्यातले फोटो मोजले, ते सुमारे ४५ भरले. ४५ × २ = ९० मिनिटे. म्हणजे आमचा वेल साधारण दीड तासात एक फेरा घालत होता.

आता पहिल्या दोन प्रयत्नांकडे वळून पाहा. दर २० मिनिटांनी फोटो घेतला तर एका फेऱ्याला चार-पाचच फोटो येतात, म्हणून झटके. रोज एक घेतला तर मधले सोळा फेरे निसटून जातात आणि शेंडा कधी इकडे, कधी तिकडे, एवढेच उरते. फिरणे मुळात दिसतच नाही.

येथे गणितवाल्यांनी एक खेळ काढला. याच ३६० फोटोंमधून दर चाळिसावा तेवढा निवडायचा, म्हणजे ८० मिनिटांच्या अंतराचे नऊ फोटो. ते छापून बाकावर ओळीने मांडले. ८० मिनिटांत वेल नव्वदातले ऐंशी, म्हणजे आठ नवमांश फेरा पूर्ण करतो. एक नवमांश बाकी राहतो. पण पाहणाऱ्याला मधला प्रवास दिसलेला नाही. त्याला दिसते की शेंडा होता त्या जागेपासून एक नवमांश मागे आला आहे. पुढच्या फोटोत आणखी एक नवमांश मागे. वेलाचा फेरा काही घड्याळासारखा चोख नसतो, त्यामुळे एक-दोन फोटो थोडे चुकार निघाले. तरी नऊ फोटो एकामागून एक पाहिले तर वेल सरळ सरळ उलटा फिरत होता.

प्रश्न विचारणारा मुलगा बाकाशीच उभा होता. “टांग्याचे चाक,” तो म्हणाला.

तेच. कॅमेराही सेकंदातून चोवीस वेळाच पाहतो. मधे काय झाले ते त्याला ठाऊक नसते. टांग्याच्या चाकाला १२ सारखे आरे आहेत असे धरू. एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत चाक बरोबर एक बारांश फेरा फिरले, तर प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी येईल. आरे सारखेच, तेव्हा चित्र तेच; चाक थांबलेले दिसेल. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे २४ बारांश, दोन फेरे. चाकाचा व्यास १.२ मीटर असेल तर परीघ सुमारे ३.८ मीटर; सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे तासाला साधारण २७ किलोमीटर. भरधाव टांग्याला हा वेग गाठता येतो. वेग याहून किंचित कमी असला की आरा पुढच्या आऱ्याच्या जागेपर्यंत पोहोचत नाही, थोडा मागे राहतो, आणि चाक उलटे फिरताना दिसते. थोडा जास्त असला की सावकाश पुढे. ‘शोले’ (१९७५) मधला बसंतीच्या टांग्याचा पाठलाग मुले आता कथेसाठी पाहत नाहीत, आरे मोजत पाहतात. आमच्यामुळे एका चांगल्या दृश्याची अशी वाट लागली, याचे थोडे वाईट वाटते.

वेळ आवळता येतो तसा ताणताही येतो. मुलांची आवडती स्लो मोशन ती हीच. सेकंदाला २४० चौकटी घेणारे फोन आता सर्रास आहेत. त्या २४ च्या गतीने दाखवल्या की घटना दहापट सावकाश होते. सव्वा मीटरवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो. फोनला त्याच्या १२० चौकटी मिळतात, पडद्यावर पाच सेकंद. मागे मोजपट्टी उभी करून दर बारा चौकटींनी चेंडू कुठे आहे ते लिहून घ्या; गुरुत्वत्वरणाचा धडा तिथेच होतो. मग ट्रेलरमधली उडी घ्या. नायक चार सेकंद हवेत आहे. दृश्य स्लो केलेले नसेल तर दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली. तो सुमारे वीस मीटर उंच, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा उडाला पाहिजे. माणूस एक मीटर उडाला तर हवेत जेमतेम ०.९ सेकंद असतो. तेव्हा दृश्य चारपटीहून अधिक ताणले आहे किंवा नायकाला दोर बांधला आहे. हे गणित मुलांनी न सांगता तीन चित्रपटांवर करून आणले.

याच हिशेबाने एक जुने कोडेही सुटते. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट आणि अवधी ४० मिनिटे, असे बहुतेक ठिकाणी छापलेले असते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. ३,७०० × १६ = ५९,२००. सेकंदाला २४ ने दाखवल्या तर ४१ मिनिटे. सेकंदाला १६ ने दाखवल्या तर जवळजवळ ६२ मिनिटे. म्हणजे ४० मिनिटांचा आकडा बोलपटाच्या गतीवरून काढलेला दिसतो. २४ ही गती आवाज आल्यावर पक्की झाली, कारण गती बदलली की आवाजाची पट्टी बदलते. त्याआधी हँडल फिरवणाऱ्याचा हातच घड्याळ होता. जुन्या मूकपटांतली माणसे तुरुतुरु धावताना दिसतात ती याच कारणाने. त्या काळी ती तशी चालत नव्हती, आपण त्यांना दीडपट वेगाने पळवतो.

राहिली दृष्टिसातत्याची गोष्ट. त्या मुलाची शंका खरी होती आणि पाठ असलेले आमचे उत्तर अपुरे. एक योगायोग असा, की ज्याच्या नावाशी हे उत्तर जोडले जाते त्या पीटर मार्क रोजेने १८२४ साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेला निबंध चित्रपटाविषयी नव्हता (तो अजून जन्मायचा होता), तर उभ्या फटींतून पाहिल्यावर चाकाचे आरे वाकडे का दिसतात याविषयी होता. संवेदना थोडा वेळ टिकते हे खोटे नाही. पुठ्ठ्याच्या एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा काढून दोऱ्यावर गरगर फिरवला की पक्षी पिंजऱ्यात दिसतो, तो या गुणामुळे. पण तेथे पक्षी हलत नाही. दोन चित्रे एकमेकांवर बसतात, इतकेच.

हलण्याचा भास वेगळा. यात्रेत किंवा नवरात्राच्या मांडवात पळणाऱ्या दिव्यांची माळ पाहा. एकही दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा लागतो, आणि आपल्याला उजेड पळताना दिसतो. जर्मनीत माक्स व्हेर्टहायमर याने याचा बारकाईने अभ्यास करून १९१२ साली प्रसिद्ध केला. फाळके चित्रपटाचे तंत्र शिकायला लंडनला गेले ते हेच वर्ष. दोन जागी, योग्य अंतराने, एकामागून एक काही दिसले की मेंदू त्याला एकच हलणारी वस्तू मानतो. आणि जवळात जवळची जोडी लावतो. चाकाचा आरा थोडा मागे दिसला तर तो ‘जवळपास पूर्ण फेरा पुढे गेला’ असे न मानता ‘थोडा मागे आला’ असे मानतो. उलट्या चाकाचे मर्म येथे आहे.

लुकलुक न दिसणे हा मात्र संवेदना टिकण्याचाच भाग. तंबूतल्या सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये एक फिरती झडप असे. फिल्म एका चौकटीवरून दुसरीवर ओढली जाताना ती प्रकाश अडवी. नाहीतर पडद्यावर नुसते ओघळ दिसले असते. पण सेकंदाला २४ उघडझापी डोळ्यांना खुपतात, म्हणून झडपेला दोन पाती करत आणि प्रत्येक चौकट दोनदा दाखवत : ४८ उघडझापी. १६ च्या गतीला तीन पाती : पुन्हा ४८. नगर जिल्ह्यातल्या यात्रांत तंबूच्या मागे उभे राहून प्रोजेक्टर पाहिलेले कोणी वडीलधारे भेटले तर त्यांना वर्गात बोलवा. आमच्याकडे एक आजोबा आले होते. झडपेचा आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला.

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांच्यासाठी थोडेसे. जे पाहायचे त्याला किती वेळ लागतो याचा आधी अंदाज घ्या आणि एका फेऱ्याला किमान दहा-वीस फोटो मिळतील एवढे अंतर ठेवा. फोकस आणि उजेडाची मात्रा फोनमध्ये पक्की करून ठेवा, नाहीतर ढग आला की फिल्म लुकलुकते. चौकटीच्या कोपऱ्यात एक घड्याळ ठेवले तर वीज केव्हा गेली ते कळते. फोन मिळणार नसेल तर वहीच्या कोपऱ्यांवर काढलेली पन्नास चित्रे अंगठ्याने फडफडवा; टांग्याचे चाक तेथेही उलटे फिरवता येते.

आमच्या तक्त्यावरचे ‘रोज एक चित्र’ हे शब्द मुलांनी खोडले आणि खाली ९६० भागिले ३८ चा भागाकार करून ठेवला. वाटाण्याला शेंगा धरल्या तोवर परीक्षा आल्या होत्या. आता तोच मुलगा नवी तक्रार घेऊन आला आहे : वर्गातल्या पंख्याचा फोनवर फोटो काढला की पाती कोयत्यासारखी वाकडी येतात. त्याचे कारण वेगळे आहे. फोनचा कॅमेरा सगळे चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने घेतो. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.